यंत्राचे रजिस्टर

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



माझ्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी इंग्रजी आणि भूगोल शिकवणारा मनुष्य. विज्ञानाशी माझा संबंध अकरावीत कला शाखा घेतली तेव्हाच सुटला. अशा माणसाने मोटर, ड्राईव्ह आणि त्यांच्या आतली रजिस्टरे ह्यांवर बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु ही विद्या मला कोणा प्राध्यापकाने शिकवली नाही. ज्याला मी एकदा नापास ठरवले होते अशा एका विद्यार्थ्याने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मला समजावून दिली. म्हणून ती आपणांपुढे मांडण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

हा मुलगा आपल्याच शाळेचा. दहावीत इंग्रजीत दोनदा नापास झाला. त्याच्या वडिलांना बोलावून मी सांगितले होते, "ह्याच्या हाताला काम चांगले आहे, पण पुस्तक ह्याचे काम नाही. कुठेतरी कामाला लावा." वडिलांनी माझा शब्द मानला. मुलगा एका उस्तादाकडे वायरिंग आणि मोटर भरण्याचे काम शिकला, आणि पुढे किनाऱ्यावरील एका बर्फ कारखान्यात रात्रपाळीला लागला. आपल्या कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या नौका बर्फ भरल्याशिवाय समुद्रात जात नाहीत, हे आपणांस सांगावयास नको. बर्फ नसेल तर मासळी नासते; म्हणून ह्या कारखान्यात रात्री मशीन बंद पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

एके दिवशी संध्याकाळी हा मुलगा माझ्या घरी आला. हातात इंग्रजीतील एक जाडजूड पुस्तिका होती. म्हणाला, "सर, रात्री दोनच्या सुमारास पाण्याचा पंप आपोआप ट्रिप होतो. सकाळी सगळे येतात तेव्हा चालू केला की नीट चालतो. मालक म्हणतात, रात्री मीच काहीतरी फिरवतो. ह्या महिन्यात कारण सापडले नाही तर माझे काम जाईल. कारण ह्या पुस्तकात आहे, एवढे मला ठाऊक आहे. इंग्रजी तुम्हाला येते, मशीन मला कळते. दोघे मिळून बसू या."

मी विचारले, "अरे, मग आधीच का नाही आलास?"

तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितले होते ना, पुस्तक माझे काम नाही म्हणून."

ह्यावर मी काही बोलू शकलो नाही. आम्ही बसलो. त्या बसण्यातून जे कळले ते आता आपणांस सांगतो.

ड्राईव्ह म्हणजे काय

आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारिता ५० हर्ट्झ असते, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. तीन फेजच्या साध्या मोटरचा वेग ह्या आकड्याला बांधलेला असतो. चार ध्रुवांची मोटर असेल तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली ती फिरते. वेग कमी करावयाचा तर वारंवारिताच कमी करावी लागते. ते काम ड्राईव्ह करतो. तो प्रथम येणाऱ्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो, ती वीज मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो, आणि मग तिच्यापासून पाहिजे त्या वारंवारितेची वीज पुन्हा तयार करून मोटरला देतो.

ह्याचा लाभ पंप आणि पंखे ह्यांना फार होतो. पाणी केवळ फिरते ठेवावयाचे असेल, तर पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग ९० टक्के केला तर शक्ती ०.९ चा घन, म्हणजे सुमारे ७३ टक्केच लागते. पाणी उंच चढवायचे असेल तर बचत ह्याहून कमी होते. त्या कारखान्यातील तीन अश्वशक्तीचा पंप ह्याच कारणाने ४५ हर्ट्झवर चालवत असत.

येथेच एक सूचना देऊन ठेवतो. ४१५ व्होल्टच्या ड्राईव्हमधील एकदिश विजेचा दाब ५८० व्होल्टच्या पुढे असतो, आणि मुख्य स्विच बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही मिनिटे राहतो. पुस्तिकेत जेवढी मिनिटे थांबावयास सांगितले आहे तेवढी थांबून, मीटरने तपासूनच झाकण उघडावे. विद्यार्थी मित्रांनो, मी सांगितलेले बाकी सर्व विसरलात तरी चालेल, परंतु हे विसरू नका.

दोन रजिस्टरे

ड्राईव्ह मोटर चालवताना सतत मोजमाप करीत असतो. किती वारंवारिता मागितली, प्रत्यक्ष किती दिली, मोटर किती अँपिअर घेत आहे, आतला विजेचा दाब किती आहे, शेवटची ट्रिप कशाने झाली. हे आकडे तो आपल्या स्मरणात क्रमांक दिलेल्या खणांत ठेवतो. ह्या खणांनाच रजिस्टर म्हणतात.

हा शब्द वाचताच मला आमचे हजेरीचे रजिस्टर आठवले, आणि खरे सांगतो, त्यामुळेच भीती गेली. आमच्या रजिस्टरात प्रत्येक मुलाला एक क्रमांक असतो आणि क्रमांकापुढे एक नोंद असते. ड्राईव्हचे रजिस्टर तसेच आहे. फरक इतकाच की त्याच्या एका खणात ० पासून ६५,५३५ पर्यंतची एकच पूर्ण संख्या मावते. त्यात अपूर्णांक लिहिता येत नाही. म्हणून ४५.०० हर्ट्झ हा आकडा तो ४५०० असा लिहितो, आणि ४.१ अँपिअर हा ४१ असा लिहितो. दशांश चिन्ह कोठे द्यावयाचे ते पुस्तिकेत सांगितलेले असते. पुस्तिका न वाचणाऱ्याला आकडा मिळेल, पण अर्थ मिळणार नाही.

तैवानच्या डेल्टा कंपनीच्या अनेक ड्राईव्हमध्ये २१०२ क्रमांकाच्या रजिस्टरात मागितलेली वारंवारिता, २१०३ मध्ये प्रत्यक्ष दिलेली वारंवारिता, २१०४ मध्ये करंट आणि २१०५ मध्ये आतला एकदिश दाब असतो. मात्र हे क्रमांक आपल्या दशमान पद्धतीतले नाहीत, सोळाच्या पद्धतीतले आहेत. मुले सोळाला घाबरतात. परंतु ह्या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांना रुपयाचे सोळा आणे माहीत आहेत; १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत आपला सर्व बाजार सोळातच हिशेब करीत होता. शेराचे छटाकही सोळाच. तेव्हा २१०२ चा हिशेब असा: २ गुणिले ४०९६, अधिक १ गुणिले २५६, अधिक ० गुणिले १६, अधिक २. बेरीज ८४५०. हे सातवीचे गणित आहे. ९ नंतरच्या सहा अंकांसाठी ए पासून एफ पर्यंत अक्षरे वापरतात, एवढेच नवीन.

प्रश्न कसा विचारावा

ड्राईव्हशी बोलण्याची जी रीत आहे तिला मॉडबस म्हणतात. अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या नियंत्रक यंत्रांसाठी ती तयार केली आणि तिचे नियम उघडपणे प्रसिद्ध केले. कोणीही वाचावे, कोणीही वापरावे. त्यामुळे पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी तीच रीत उचलली, आणि चार दशकांहून अधिक काळ लोटला तरी ती कारखान्यांत चालू आहे. ज्ञान कुलुपात ठेवले नाही म्हणून ते टिकले, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते.

तारेवर एकच जण विचारणारा असतो, बाकीचे उत्तर देणारे. आपला क्रमांक पुकारल्याशिवाय कोणी बोलावयाचे नाही. हजेरीचीच शिस्त! प्रत्येक ड्राईव्हला १ ते २४७ पैकी एक क्रमांक दिलेला असतो. प्रश्नात क्रमाने चार गोष्टी येतात: कोणाला विचारतो, काय करावयास सांगतो, कोणत्या रजिस्टरापासून, आणि किती रजिस्टरे. शेवटी एक ताळा. आमचा प्रश्न असा होता:

०१ ०३ २१ ०२ ०० ०३ एई ३७

म्हणजे: क्रमांक एक, वाच, २१०२ पासून, तीन रजिस्टरे. येथे ०३ म्हणजे 'वाच'. शेवटचे दोन आकडे हा ताळा होय. आपण लहानपणी गुणाकार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा घेत होतो. हाही भागाकाराच्या बाकीवरच आधारलेला आहे, फक्त त्याची रीत मोठी आहे. वाटेत एखादा आकडा बदलला तर ताळा जुळत नाही, आणि ताळा जुळला नाही तर ड्राईव्ह उत्तरच देत नाही. चुकीच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे त्याला ठाऊक नाही.

योग्य प्रश्नाला उत्तर आले ते असे, शेवटचा ताळा सोडून:

०१ ०३ ०६ ११ ९४ ११ ९४ ०० २९

मी एक, वाचले, पुढे सहा आकडे आहेत. दोन-दोन आकडे मिळून एक रजिस्टर. सोळाच्या पद्धतीतले ११ म्हणजे आपले १७, आणि ९४ म्हणजे १४८. १७ गुणिले २५६ अधिक १४८ बरोबर ४५००. म्हणजे मागितलेली वारंवारिता ४५.०० हर्ट्झ, दिलेलीही तितकीच. शेवटचे २९ म्हणजे दोन सोळा आणि नऊ, म्हणजे ४१. करंट ४.१ अँपिअर.

नऊ संध्याकाळी

हे सर्व मी आपणांस पाच मिनिटांत सांगितले. आम्हाला मात्र नऊ संध्याकाळी लागल्या. आधी मालकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "करा काय करायचे ते, पण पंप बंद पडता कामा नये." ड्राईव्हमध्ये काहीही बदलण्याआधी मूळची सर्व मूल्ये वहीत उतरवून घेतली. सामान थोडे होते. माझा जुना लॅपटॉप, काही शे रुपयांत मिळणारा यूएसबीचा कन्व्हर्टर, पीळ दिलेली दोन तारांची केबल आणि मोफत मिळणारा एक प्रोग्राम. ड्राईव्हचे सॉकेट टेलिफोनच्या किंवा नेटवर्कच्या सॉकेटसारखे दिसते. म्हणून कोणी सरळ लॅपटॉपच्या नेटवर्क सॉकेटला जोडू नये. दोन्हींत वेगळी वीज असते.

पहिल्या संध्याकाळी काहीच उत्तर आले नाही. दोन तारा उलट जोडल्या होत्या. ह्या तारांच्या जोडणीला आरएस-४८५ म्हणतात; तिचे मानक १९८३ सालचे. त्यात निरोप एका तारेत नसतो, तर दोन तारांमधील दाबाच्या फरकात असतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि फरक तसाच राहतो. म्हणून ती सुमारे १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते. पण तारा उलटल्या की फरकही उलटतो, आणि निरोप निरर्थक होतो.

तारा सुलट केल्या. तरी शांतता. दुसरी आणि तिसरी संध्याकाळ अशीच गेली. शेवटी पुस्तिकेच्या एका लहान तक्त्यात सापडले की तोच निरोप दोन प्रकारे लिहिता येतो, आणि आमचा ड्राईव्ह एका प्रकाराने बोलत होता तर आम्ही दुसऱ्या. एकच मजकूर एकाने मोडीत लिहावा आणि दुसऱ्याने बाळबोधीत वाचू जावे, तसे झाले. पंप बंद असताना ड्राईव्हचा तो पर्याय बदलला, बोलण्याचा वेग दोन्हीकडे सारखा ठेवला, आणि चौथ्या संध्याकाळी पहिल्यांदा उत्तर आले. पण ते नकाराचे होते! ०३ च्या जागी ८३ आणि पुढे ०२. त्याचा अर्थ, "तू म्हणतोस ते रजिस्टर माझ्याकडे नाही." मी सोळाच्या पद्धतीतले २१०२ तसेच दशमान समजून घातले होते.

मला वाईट वाटले, परंतु तो मुलगा आनंदाने उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, नकार आला म्हणजे तार ठीक आहे, वेग ठीक आहे, क्रमांक ठीक आहे. आता फक्त प्रश्न चुकला आहे." शांतता आणि नकार ह्यांतला हा फरक मला इतक्या वर्षांच्या शिक्षकीत कोणी सांगितला नव्हता. उत्तर चुकणारा मुलगा आणि गप्प बसणारा मुलगा ह्यांना मी आजवर एकाच रांगेत बसवत आलो होतो.

पाचव्या दिवशी आकडे आले. मालकांनी प्रत माझ्याकडे ठेवू दिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते घरी घेऊन बसलो. मुलाची धाकटी बहीण आपल्या शाळेत नववीत आहे. तीही भावाबरोबर आली होती. पहिल्या रकान्यात भलताच आकडा, दुसऱ्यात ४५००, तिसऱ्यात ४५००. मी समाधानाने म्हणालो, "आला करंट." ती म्हणाली, "सर, मग करंट ४५० अँपिअर झाला. तीन हॉर्सपॉवरची मोटर एवढा घेईल का?" मोटरच्या पट्टीवर तर ४.७ अँपिअर लिहिले होते! मी तक्ता पाहून मुकाट्याने खाली बसलो.

चूक अशी होती. मॉडिकॉनच्या जुन्या रीतीत रजिस्टरे एकपासून मोजतात, ४०००१ पासून पुढे. पण तारेवर जाणारा क्रमांक शून्यापासून सुरू होतो. काही प्रोग्राम आपण दिलेल्या आकड्यातून एक वजा करून पाठवतात. आमचा तसाच होता. ८४५० घातले की तो ८४४९ विचारत होता, आणि आम्हाला एक घर आधीचे उत्तर मिळत होते. ८४५१ घातल्याबरोबर सर्व रकाने जागच्या जागी बसले. अशीच दुसरी चूक दोन आकड्यांची अदलाबदल होऊन होते. १७ आणि १४८ उलटे घेतले तर ४५०० च्या जागी ३७,९०५ येतात, म्हणजे ३७९.०५ हर्ट्झ. म्हणून आकडा मिळाला की लगेच विश्वास ठेवू नये. मोटरच्या पट्टीशी ताडून पाहावे. ते काम नववीतल्या मुलीने केले, बी. ए., बी. एड.ने नव्हे.

पुढे पंप चालू केला की निरोप तुटू लागले. केबल मोटरच्या केबलला चिकटून नेली होती. ड्राईव्ह वीज फार वेगाने तोडजोड करीत असतो, त्याचा गोंगाट आमच्या तारेत शिरत होता. केबल दूरच्या भिंतीवरून फिरवली आणि उत्तरे सरळ येऊ लागली.

एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. मॉडबसमध्ये वाचण्याप्रमाणे लिहिण्याचीही आज्ञा असते. ०६ म्हणजे 'लिही'. भलत्या रजिस्टरात लिहिले तर उभी मोटर फिरू लागेल आणि कोणाचा हात जाईल. आम्ही ०३ सोडून दुसरी आज्ञा वापरलीच नाही. आधी वाचन, मग लेखन, हा बालवाडीचाच क्रम येथेही खरा आहे.

दोन रकाने

नवव्या रात्री लॅपटॉप तेथेच ठेवून दर पाच सेकंदांनी एक नोंद घेतली. तासाला ७२० ओळी. सकाळी आम्ही मालकांपुढे कागद ठेवला. वारंवारितेच्या रकान्यात पंप थांबेपर्यंत ४५०० हा एकच आकडा होता. करंटच्या रकान्यात रात्री दहाला ४.१, बाराला ४.६, एकला ५.३, आणि दोनच्या थोडे आधी ५.९. त्यानंतर दोन्ही रकान्यांत शून्य, आणि ट्रिपचे कारण ओव्हरलोड.

मुलगा म्हणाला, "मी वेग फिरवला असता तर पहिला रकाना बदलला असता. तो बदलला नाही. वेग तोच आणि करंट वाढतो, म्हणजे पंप जड होत चालला आहे. सकाळपर्यंत तो थंड होतो, म्हणून तुम्हाला ठीक दिसतो."

फिटरला बोलावले. पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकते म्हणून त्याने ती काही दिवसांपूर्वी आवळून टाकली होती. त्याचा हेतू चांगलाच होता; जमीन ओली राहू नये एवढेच त्याच्या मनात होते. परंतु दोरी भरलेल्या ग्लँडमधून थोडे थेंब पडलेच पाहिजेत. त्या थेंबांनीच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. ते बंद झाल्यावर ग्लँड तापत गेली, शाफ्टला घट्ट धरू लागली, आणि रात्रभराच्या चालण्यात मोटरवरचा भार वाढत गेला. जुनी दोरी करपली होती. नवी भरली, नट हलके ठेवले, थेंब पुन्हा पडू लागले. पुढच्या रात्रीचा कागद काढला तो ४.१ आणि ४.२ ह्यांपलीकडे गेला नाही.

मालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. माफी वगैरे काही मागितली नाही. एवढेच म्हणाले, "हे आता दर महिन्याला काढून ठेवत जा." मुलाचे काम राहिले.

माझे म्हणणे

पालक बंधू-भगिनींनो, आता थोडक्यात माझे म्हणणे सांगतो.

आपल्या समाजात हाताच्या कामाला तोटा नाही. वायरिंग करणारे आहेत, मोटर भरणारे आहेत, गॅरेजवाले आहेत, बोटीवर इंजिन सांभाळणारे आहेत, आखातात पंप आणि कॉम्प्रेसर चालवणारे आहेत. कमी पडते ती पुस्तिका वाचणारी नजर. मशीन बिघडले की वाचणारा माणूस शहरातून बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत दोष बहुधा सर्वांत खालच्या माणसावर येतो. त्या रात्रपाळीच्या मुलाजवळ सत्य होते, परंतु पुरावा नव्हता. पुरावा ड्राईव्हच्या आत होता आणि तो आठ आकड्यांचा प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही मिळणार होता. त्याला मुलाची मार्कलिस्ट पाहावयाची नव्हती. विचारणारा मालक आहे की नोकर, हेही त्याला पाहावयाचे नव्हते. प्रश्न नियमाने विचारला की तो खरे उत्तर देतो.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली पालकांना. मुलाच्या हाताला काम आहे म्हणून त्याचे पुस्तक सोडवू नका, आणि मुलगी घरकामात हुशार आहे म्हणून तिचे गणित सोडवू नका. हात आणि पुस्तक ही दोन मुलांत वाटून देण्याची वस्तू नव्हे. कोणी शिक्षक तसे सांगू लागला, तर माझी हकीकत त्याला सांगा.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. इंग्रजीची पुस्तिका पाहून पळू नका. तिच्यात कविता नसते. दोनशे-तीनशे शब्द पुन्हापुन्हा येतात, आणि प्रत्येक शब्द तुमच्यापुढे उभ्या असलेल्या वस्तूला चिकटलेला असतो. मुलगा एक शब्द वाचावयाचा, ती वस्तू मला दाखवावयाचा, आणि मी त्याला वाक्याचा अर्थ सांगावयाचा. नवव्या दिवशी तो माझ्यावाचून तक्ता वाचत होता. उत्तर आले नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. नकार आला तर खचू नका. नकार म्हणजे कोणीतरी ऐकत आहे.

आमच्या शाळेत दर शनिवारी दुपारी मी आणि तो मुलगा एक जुना ड्राईव्ह आणि लहानशी मोटर घेऊन बसतो. ड्राईव्ह बंद डब्यात आहे, वाचन तेवढे होते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे. मुलींनीही यावे. फी नाही.

शेवटी एक गोष्ट. त्या मुलाने ह्या वर्षी दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे. त्या परीक्षेला तो पुन्हा बसणार आहे. इंग्रजीचा पेपर पहिल्याइतकाच अवघड आहे, आणि निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही. परंतु तो फॉर्म पाहताना, पूर्वी त्याच्या वडिलांना मी जे सांगितले होते ते मला आठवत होते. त्या वेळी मी उत्तर देऊन टाकले होते. प्रश्न नीट विचारलाच नव्हता.